गोदूबाईची हाक

भागोजी गोताड मुकादमाने आयुष्यातलं पहिलं खोटं लिहिलं ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही एका मिक्सरपायी. उतारवयात शिकलेली विद्या अंगी लागत नाही म्हणतात. त्याच्याही नाही लागली.

तोवर त्याचं नाव असं होतं, की वाडीत बांधावरून तंटा झाला तर दोन्हीकडची माणसं म्हणायची, "भागोजीला विचारा. तो दाखवील तिथे दगड रोवू." देवाचा कौल लावायचा तर गुरवाला शोधत फिरावं लागतं, भागोजी घरीच सापडतो, असंही काही चावट लोक म्हणत. रत्नागिरीच्या लवूशेठ नागवेकर ठेकेदारांकडे तो बावीस वर्षं कामाला होता. शेठ तापट, पण त्यांचं मागणं एकच असे. मोडलं तर मोडलं म्हणा, हरवलं तर हरवलं म्हणा, थाप मारू नका. बाकीच्या मुकादमांच्या चिठ्ठ्या शेठ दोनदा वाचत आणि वर उलटतपासणी घेत. भागोजीची चिठ्ठी न वाचताच तारेला अडकवत. या गोष्टीचा भागोजीला केवढा अभिमान! शिमग्यात पालखीला पहिला खांदा द्यायचा मान मिळाला, तेव्हाही तो एवढा फुगला नव्हता.

आणि मग अठ्ठ्याऐंशी साली शेठनी कॉम्प्युटर आणला.

तेव्हा शेठची कामं तीन जागी चालली होती. लोट्याला कारखान्याच्या शेडी, दापोलीकडे मुरुडला शाळेची इमारत, आणि आरे-वारेच्या बाजूला एका पऱ्ह्यावर, म्हणजे आपल्या ओढ्यावर, लहानसा पूल. पुलावर भागोजी. काँक्रीट कालवायचे मिक्सर, पंप, व्हायब्रेटर, रोलर धरून चोवीस यंत्रं या तीन साइटींवर फिरत असत, आणि कुठलं कुठे आहे याची नोंद फक्त शेठच्या डोक्यात. ते डोकं हल्ली दगा देऊ लागलं होतं. एका पंपासाठी त्यांनी चार दिवस मुरुडकरांना शिव्या घातल्या, आणि पंप निघाला रत्नागिरीच्या गोदामात, ताडपत्रीखाली. त्या दिवशी शेठ स्वतःवरच एवढे चिडले, की दुसऱ्या महिन्यात मुंबईहून कॉम्प्युटर आला आणि त्याच्या पाठोपाठ मालन भाटकर आली.

मालन मिऱ्याची. दादरला आत्याकडे राहून तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. वय बावीस, चष्मा जाड, बोलणं मोजकं. कचेरीच्या मागच्या खोलीला पडदा लागला, चपला बाहेर काढायची पाटी लागली. आत शिरताना दोघातिघांनी नकळत हातसुद्धा जोडले. मालनने प्रत्येक यंत्राला नंबर दिला आणि दर आठवड्याला साइटवरून भरून यायचा एक कागद तयार केला. यंत्राचा नंबर, डिझेल किती लिटर, आणि अवस्था कोणती. अवस्था तीनच : चालू, रिकामं, नादुरुस्त. शनिवारी संध्याकाळी हे कागद एस.टी.च्या रामा कंडक्टरकडे द्यायचे, तो ते डेपोत उतरवणार, मालन ते सोमवारी कॉम्प्युटरात घालणार आणि मंगळवारी शेठच्या टेबलावर भोकाभोकांच्या कागदाची लांबलचक यादी पडणार.

भागोजीच्या साइटवरचा मिक्सर यादीत मि-तीन झाला. पण बारा वर्षं त्याचं नाव गोदूबाई होतं, आणि ते भागोजीच्या सासूचं. सासूबाईंना सकाळी उठवलं की आधी खोकायच्या, मग घरादाराला बोल लावायच्या, आणि एकदा पदर खोचला की चार बायांचं काम एकट्या उरकायच्या. मिक्सरचंही तंतोतंत तेच. हँडल मारलं की आधी खोकायचा, मग काळा धूर ओकत कुरकुरायचा आणि एकदा लागला की दिवसभर माल ओतत राहायचा. हे बारसं ऐकून भागोजीची बायको हौसा आठ दिवस बोलली नव्हती. पुढे खरी गोदूबाई वारली आणि हौसाच अधूनमधून साइटवर येऊन मिक्सरच्या ड्रमवरून हात फिरवून जाऊ लागली.

आता खोट्याकडे येऊ. पहिल्या आठवड्यात भागोजीने आपल्या स्वभावाप्रमाणे खरं तेच लिहिलं. पावसामुळे स्लॅब थांबला होता, ओतलेलं काँक्रीट बसवायचा व्हायब्रेटर नुसता पडून होता, म्हणून त्यापुढे लिहिलं, रिकामा. बुधवारी ट्रक दारात. लोट्याला व्हायब्रेटर हवाय, तुमचा रिकामा आहे असं कॉम्प्युटर सांगतो. नेला. महिन्याने परत आला तो सुई तुटून, दोरीने बांधलेला.

"दिला तवा धडधाकट दिला, आनि हे बगा, मोडून धाडलानी!" भागोजी साइटवर सगळ्यांना तो व्हायब्रेटर दाखवत फिरला.

पावसाळा सरत आला होता. दसऱ्यानंतर पुलाचा स्लॅब टाकायचा, आणि गोदूबाई सध्या रिकामी. खरं लिहावं तर ट्रक येणार. लोट्याची माणसं काम झाल्यावर ड्रम धूत नाहीत, माल आत सुकू देतात आणि मग हातोड्याने ठोकून काढतात, हे त्याला ठाऊक होतं. त्या शनिवारी तो कागदापुढे बराच वेळ बसला. रामाच्या गाडीने दोनदा हॉर्न दिला. शेवटी त्याने मि-तीनपुढे लिहून टाकलं, नादुरुस्त. लिहिताना कान तापले होते त्याचे.

ट्रक आला नाही. पुढच्या शनिवारी तेच लिहिताना कान जरा कमी तापले.

ही युक्ती एकट्या भागोजीलाच सुचली असं थोडंच आहे! मुरुडच्या विठू मुकादमाने दोन पंप आणि एक मिक्सर नादुरुस्त केले. लोट्याच्या बाबू मुकादमाने तर रोलरसकट सात यंत्रं आजारी पाडली. आपल्याकडचं दुसऱ्याने नेऊ नये, एवढंच प्रत्येकाच्या मनात. पण सप्टेंबरअखेर यादी शेठपुढे पडली तेव्हा चोवीसपैकी अकरा यंत्रं नादुरुस्त निघाली, आणि शेठ मटकन खुर्चीत बसले.

चार दिवसांनी रामा कंडक्टरने प्रत्येक साइटला कचेरीचं पत्र पोचवलं. नादुरुस्त लिहिलेलं एकही यंत्र दुरुस्तीला गोदामातल्या शिवा मिस्त्रीकडे आलेलं नाही, म्हणजे ती दुरुस्तीपलीकडची दिसतात. सर्व नादुरुस्त यंत्रं दसऱ्याआधी गोदामात आणावीत. खंडेनवमीला कोल्हापूरचे भंगारवाले पाहायला येतील.

भागोजीने पत्र तीनदा वाचलं. हौसाने ते त्याच्या तोंडूनच ऐकलं आणि चुलीपुढून उठली.

"माज्या आयशीला भंगारात घालताव?"

"आयशीला न्हाय गो, मिक्सरला."

"नाव कोनी ठेवलानी? तुमीच ना? मंगा निस्तरा तुमीच!"

दुसऱ्या दिवशी भागोजी पहिल्या गाडीने रत्नागिरीला गेला. वाटेत त्याने बेत रचला. मिक्सर दुरुस्त झाला असं मालनला सांगायचं, म्हणजे खोटंही झाकलं जाईल आणि गोदूबाईही वाचेल. कचेरीत शेठ नव्हते. त्याने चपला काढल्या, टोपी नीट केली आणि पडदा सारला.

"मालनबाय, वायच काम व्हतं. मि-तीन दुरुस्त झाला. चालू लिव तेवडा."

मालनने दोनतीन बटणं दाबली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरवी अक्षरं आली.

"कुठला भाग बदलला, काका?"

"भाग? भाग... आसा कायतरी आतला."

"भागाचं नाव, तारीख आणि मिस्त्री कोण, एवढं भरल्याशिवाय हा नादुरुस्तचा चालू करत नाही. मीच तसं बांधलंय. मिस्त्री शिवा का?"

शिवाचं नाव घ्यावं तर शिवा शेजारच्याच शेडमध्ये हातोडी ठोकत होता. मालनने खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि एक छापलेला कागद पुढे केला. अकरा नंबर, आणि प्रत्येकापुढे लिटर.

"काका, मोडलेला मिक्सर दर आठवड्याला डिझेल कसा पितो?"

दर शनिवारी भागोजी गोदूबाईला पंधरा मिनिटं चालवत असे. समुद्राचा वारा खारा, यंत्र बसून राहिलं की गंजतं, म्हणून. आणि डिझेलच्या खान्यात तो इमानदारीने अर्धा लिटर लिहीत असे. अवस्थेच्या खान्यात खोटं आणि त्याला लागूनच्या खान्यात खरं! बाकीच्यांनीही तेच केलं होतं. डिझेल कोणी कोणाचं पळवत नव्हतं, मग ते कशाला खोटं लिहायचं?

"शेटना दाखवलंस हे?"

"नाही." मालनने चष्मा पुसला. "मी दाखवलं तर ती चुगली होईल. आणि खरं सांगू? बाकीच्या दहांचं मला नवल नाही वाटलं. तुमचं नाव बघितलं तेव्हा वाईट वाटलं. मी आले तेव्हा शेठनी मला पहिल्या दिवशी काय सांगितलं माहितीये? सगळ्यांचे कागद ताडून बघ, भागोजीचा सोडून."

हे मात्र भागोजीला लागलं. बाईने कानफटात मारली असती तर बरं, असं त्याला वाटलं. "हा कागद मी माझ्यापाशीच ठेवते," मालन म्हणाली, "पण खंडेनवमीनंतर ठेवणार नाही." तो बाहेर पडला आणि अनवाणीच डेपोच्या अर्ध्या वाटेवर गेला. मग आठवण झाली, चपलांसाठी परत आला.

आता नागवेकरांच्या गोदामाची रीत सांगायला हवी. खंडेनवमीला सगळीकडे हत्यारांची पूजा होते आणि त्या दिवशी हत्यारांना विश्रांती असते. नागवेकरांकडे मात्र शेठच्या वडिलांपासून थोडं वेगळं चालत आलं होतं. पूजा झाली, नारळ फुटला, की ज्याचं यंत्र त्याने ते एकदा सुरू करायचं, घटकाभर वाजू द्यायचं आणि बंद करायचं. याला ते हाक म्हणत. कोण कोण जिवंत आहे ते देवाला कळू दे, असं म्हातारे शेठ म्हणायचे. आणि जे हाक देत नाही त्याला झेंडूची माळ घालायची नाही.

यंदा अंगणात दोन रांगा होत्या. उजवीकडे तेरा यंत्रं, धुतलेली, हळदकुंकू लावलेली, पुढ्यात माळा ठेवलेली. डावीकडे कुंपणाला लागून अकरा, जशी ट्रकमधून उतरवली तशीच, धुळीने माखलेली. गोदूबाई शेवटून दुसरी. कोल्हापूरचा भंगारवाला खुर्चीत बसून चहा पीत होता आणि त्याचा खडू खिशातून डोकावत होता.

आरती झाली. एकेका यंत्राने हाक दिली. तेरावं यंत्र बंद झालं आणि अंगण शांत झालं. दरवर्षी असं होत नसे. दरवर्षी एकाची हाक संपते न संपते तोच दुसऱ्याची सुरू व्हायची, लोक कानावर हात ठेवून हसायचे. यंदा डावीकडची अकराजणं मुकी उभी होती आणि तिघेही मुकादम आपापल्या पायांकडे बघत होते. शेठच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं होतं.

"चला," ते भंगारवाल्याला म्हणाले, "बघून घ्या."

तेवढ्यात भागोजी रांगेतून पुढे झाला. खांद्यावरच्या पिशवीतून त्याने झेंडूची माळ काढली. हौसाने पहाटे उठून ओवली होती. ती त्याने गोदूबाईच्या ड्रमला घातली, हँडल लावलं आणि जोर करून मारलं. नुसता फसफस आवाज झाला. पुन्हा मारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याचा दम उखडला.

शेठ जवळ आले. त्यांनी भागोजीच्या पाठीवर हात ठेवला. "राहू दे रे. तू लिहिलंस तेव्हाच मला कळलं होतं, गेली ही. तुझं लिहिणं कधी चुकलंय?"

देवाने किती सोपी वाट करून दिली होती! गोदूबाई लागत नाही, म्हणजे ती नादुरुस्तच. म्हणजे भागोजीने लिहिलं ते खरं. हँडल खाली ठेवायचं आणि घरी जायचं, एवढंच करायचं होतं. बावीस वर्षांची अब्रू जिथल्या तिथे राहिली असती, आणि मालनच्या कागदाला तरी कोण विचारतो, यंत्र समोर मुकं पडलेलं असताना!

पण भागोजीला माहीत होतं ती का लागत नाही ते. ट्रकमध्ये चढवताना डिझेलचा कॉक त्यानेच बंद केला होता, आणि घाईत तो उघडायचा राहून गेला होता.

त्याने एकदा अंगणापलीकडच्या कचेरीच्या खिडकीकडे बघितलं. मालन तिथे उभी होती. मग टोपी काढली.

"शेट, मी खोटं लिवलं. ही मोडली कवाच नव्हती. रिकामी लिवली तर नेतील म्हनून नादुरुस्त लिवली. आता ज्या करायचं त्या करा, पन हिला भंगारात घालू नका."

आणि वाकून त्याने कॉक उघडला, हँडल मारलं. गोदूबाई खोकली. काळा धूर ओकला, सगळ्या जगाला बोल लावले आणि मग लागली. भंगारवाल्याच्या कपातला चहा थरथरू लागला.

शेठ काही बोलायच्या आत मुरुडचा विठू आपल्या पंपाकडे धावला. मग बाबू रोलरवर चढला. एकामागून एक करत अकराच्या अकरा यंत्रांनी हाक दिली. अंगणात एवढा धूर झाला, की देवाला कोण जिवंत ते कळलं असेल, पण माणसांना एकमेकांची तोंडं दिसेनात. धूर विरला तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि भंगारवाला फाटकाबाहेर खोकत उभा होता. शिवा मिस्त्री हसून हसून खाली बसला.

शेठ मात्र हसले नाहीत. तिघांनाही त्यांनी सगळ्यांसमोर यथेच्छ धुतलं. मग आवाज उतरला. "मोडून परत पाठवतात म्हणून लपवलंत, हे मला आधी सांगायला तोंडं नव्हती तुम्हाला?" तेव्हा मालन पुढे आली आणि म्हणाली, चूक थोडी माझ्या खान्यांचीही आहे. उद्या लागणारं यंत्र आज रिकामं असतं, त्याला मी जागाच ठेवली नव्हती. दसऱ्यानंतर नव्या कागदावर चौथी अवस्था आली : राखीव, अमुक तारखेपर्यंत.

भागोजीच्या साइटच्या कागदावर आणखीही एक बदल होता. खाली सहीच्या दोन ओळी होत्या. मुकादम, आणि साक्षीदार.

"नोकरी जाणार नाही तुझी," शेठ म्हणाले होते. "पण इथून पुढे तुझं खरं आहे असं दुसऱ्याने सही करून सांगायचं." विठूला आणि बाबूला ही शिक्षा नव्हती. त्यांचे कागद पहिल्यापासूनच तपासले जात होते.

साक्षीदार म्हणून साइटवर सही करता येणारी एकच होती, कमळा. घमेली वाहायची आणि प्रौढवर्गात नुकती नाव लिहायला शिकली होती. तिला हे काम इतकं आवडलं म्हणून सांगू! दर शनिवारी हातपाय धुऊन ती ऐटीत चिऱ्यावर बसायची आणि भागोजीला सगळा कागद मोठ्याने वाचायला लावायची.

"पंप चालू? थांबा, बगून येते." आणि खरंच बघून यायची. पंपाला एक लाथ घालायची, परत यायची, जीभ दाताखाली धरून आपलं नाव काढायची. बाया तोंडाला पदर लावून हसत. भागोजी कातळाकडे बघत बसायचा. शनिवार जवळ आला की त्याला जेवण जात नसे.

स्लॅब पडला. गोदूबाईने दोन दिवस तोंड मिटलं नाही. गिलाव्याची किरकोळ कामं उरली, ती हातानेही झाली असती. तो शनिवार आला. राखीवची तारीख संपली होती, पण पुढची घालायला कोण अडवत होतं? कठड्याला लागेल, असं म्हणता आलं असतं. अगदीच खोटं नसतं ते.

भागोजीने मि-तीनपुढे लिहिलं, रिकामी.

कमळाला वाचून दाखवलं तेव्हा ती बघून यायला उठलीही नाही. गुपचूप सही करून निघून गेली.

बुधवारी ट्रक आला. भागोजीने ड्रम आतून स्वतः धुतला, कॉक बंद केला आणि ड्रायव्हरला दहा वेळा बजावलं, बाबूला सांग, काम झालं की धुवायची, हातोडी लावशील तर गाठ माझ्याशी आहे. ट्रक वळणाआड गेल्यावर तो पुलावर जाऊन बसला.

शनिवारी रामा कंडक्टरने गाडीतूनच पाकीट फेकलं. आत महिन्याचे कोरे कागद होते. कमळा हातपाय धुऊन चिऱ्यावर येऊन बसली होती. भागोजीने वरचा कागद भरला, वाचून दाखवायला तोंड उघडलं, आणि थांबला. त्याने कागद उलटून बघितला. दुसरा काढून बघितला, तिसरा बघितला.

"काय झालं?" कमळाने विचारलं. "माजी सही कुटं करू?"

कागदाखाली सहीची एकच ओळ होती.

"ऱ्हवदे गो," भागोजी म्हणाला. रामाने हॉर्न दिला तशी त्याने त्या एका ओळीवर आपलं नाव लिहिलं, डोळे पुसले आणि कागद घेऊन गाडीकडे धावला.